वैष्णवीचं चौथं वर्ष

शिरूर,
दि. ९ जून २०२६

तीर्थरूप आप्पा यांस,
सुषमाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे मी बरी आहे. बियाण्यांचे दिवस असल्याने दुकानात दिवसभर माणसं असतात. कंपन्यांचे नवे लोक येतात आणि मालक कुठे आहेत म्हणून विचारतात. दर वेळी सांगावं लागतं.

मी पत्र लिहिते याचं तुम्हाला नवल वाटेल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी हो म्हणते, अशी सवय पडून गेली आहे. या वेळी हो म्हणायचं नाही, म्हणून लिहिते.

काल वैष्णवीचा दौंडहून फोन आला. कॉलेजात बी.ए. अर्थशास्त्राच्या चौथ्या वर्षाची यादी लागली, तीत तिचं नाव नव्हतं. विचारल्यावर रुपाली मॅडमनी सांगितलं की तुझे चुलते येऊन गेले, मुलगी तीन वर्षांवरच थांबणार आहे म्हणाले. तुम्ही तिथल्या समितीवर, त्यामुळे तुम्हाला कुणी उलटून विचारलं नाही. तुम्हीही आम्हाला विचारलं नाही.

नियम तुम्हाला कुणी नीट सांगितला नसेल असं धरून चालते. तीन वर्षांचे क्रेडिट पूर्ण झाले की बी.ए. घेऊन बाहेर पडता येतं. नाहीतर चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. त्यातलं संशोधनाचं ऑनर्स मागेल त्याला मिळत नाही, आधीच्या सगळ्या सत्रांत चांगले गुण लागतात. वैष्णवीला ते आहेत. तिनं अर्थशास्त्र मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेतलं आणि भूगोल मायनर, म्हणजे जोडविषय; संख्याशास्त्राच्या पेपराला रडली, पण सोडलं नाही. प्रवेश ३० जूनला बंद होतो. त्याआधी तुम्ही जाऊन तिचं नाव परत घालायला सांगावं, एवढी विनंती आहे.

२८ तारखेला तिला पाहायला पाहुणे येणार आहेत, हे मला दगडाबाई आत्यांकडून कळलं. मुलीच्या आईला ते असं कळावं, हे मला बरं वाटलं नाही.

प्रतिभा जाऊबाईंना नमस्कार. उत्तर लवकर पाठवावं, ही विनंती.

आपली,
सुषमा

—

पाटस,
दि. १३ जून २०२६

गं. भा. सुषमा यांस,
सर्जेरावाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वाईट वाटलं आणि रागही आला. मी काय पोरीचा वैरी आहे? तीन वर्षं ती दौंडला होस्टेलवर राहिली, पण दर रविवारचं जेवण माझ्या घरी. मेजर मेजर म्हणायची तेव्हा मला वाटायचं, ही मिलिटरीत चालली. शिकली, पास झाली, पेढे मीच वाटले. पण सरकारनंच तीन वर्षांवर दार ठेवलंय की पदवी घ्या आणि बाहेर पडा. ते दार काय शोभेला आहे? चौथं वर्ष ज्यांना घरी काही काम नाही त्यांच्यासाठी.

आपल्यातली रीत तुला माहीत आहे. बाप गेला की मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. इंद्रजीत जाऊन चार महिने झाले. तीन वर्षं थांबलो तर चांगली स्थळं राहतील का? पृथ्वीराजचं स्थळ चालून आलंय. रांजणगावला कंपनीत सुपरवायझर आहे, घरी बागायत आहे, व्यसन नाही. दगडाबाई आत्या म्हणत होती की पोरगी लई शिकली की नवऱ्यालाच पेपर काढून देती. थट्टा सोड, पण म्हातारी अगदीच चुकीचं बोलत नाही.

आणि मी हे माझ्या मनानं करत नाही. दवाखान्यात इंद्रजीतची वाचा गेली होती तेव्हा मी त्याच्या कानाशी जाऊन विचारलं की वैष्णवीचं काय करायचं. त्यानं मला चार बोटं दाखवली. दोनाचे चार हात करून टाक, दुसरं काय? मरणाऱ्या भावानं सांगितलेलं मी मोडणार नाही. तूही मोडू नये.

प्रकृतीला जप. दुकानाचं काही अडलं तर कळव.

तुझा,
सर्जेराव

—

शिरूर,
दि. १६ जून २०२६

तीर्थरूप आप्पा यांस,
नमस्कार वि. वि.

तुम्ही माझ्या नावामागे गं. भा. लिहिलंत. इतकी वर्षं लग्नपत्रिकांवर सौ. लिहीत होतात. ते काढून हे घालताना तुमचा हात जरासुद्धा अडखळलेला दिसत नाही. यापुढे नुसतं सुषमा लिहा.

ती चार बोटं मीही पाहिली. पलंगाच्या एका अंगाला तुम्ही होता, दुसऱ्या अंगाला मी. तुम्हाला त्यात लग्न दिसलं. मला चौथं वर्ष दिसलं, कारण वैष्णवी सुट्टीला आली की ताटावर बसून बापलेकीचा हाच वाद चालायचा. ते म्हणायचे की तीन पुरे, ती म्हणायची की चार. संक्रांतीला ते हसून म्हणाले होते की बरं बाई, चार तर चार, पण ऑनर्स म्हणजे काय ते मला चार लोकांत सांगता आलं पाहिजे.

तरीही खरं सांगते, मला खात्री नाही. त्यांना चार वाजताचा चहा हवा असेल. पायाखाली आणखी एक उशी हवी असेल. बोलता न येणाऱ्या माणसाला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही. फरक एवढाच की त्या बोटांच्या भरवशावर मी कुणाचं नाव कापून आले नाही. ते आता काही बोलणार नाहीत म्हणून त्यांच्या तोंडात शब्द घालू नका. मला ते सहन होत नाही.

तुमचा भाऊ गेला, हे मी विसरत नाही. माझा नवरा गेला आणि वैष्णवीचा बाप गेला, हे मात्र तुम्ही विसरता. तेराव्यापासून सगळं तुमच्या ओसरीवर ठरतं आणि आम्ही आत बसून ऐकतो.

रीतीचं म्हणाल तर रीतीत दोन गोष्टी आहेत. वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षांनी. मी दुसरी निवडते. एका वर्षात तिचं ऑनर्स होईल. चार वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. एकाच वर्षाचं असतं, तेही होईल. राहिलेल्या वर्षात नोकरी बघेल. रीत मोडली असं मला कुणी म्हणायला नको.

पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवा. आले तर घराला कुलूप असेल आणि मी दुकानात असेन.

रागावलात तरी चालेल, पण नाव परत घाला.

सुषमा

—

पाटस,
दि. २३ जून २०२६

सुषमा हिस,
आशीर्वाद.

काल दौंडला जाऊन आलो. नाव परत घालायला गेलो असं समजू नको. तुझ्या पत्रानं डोकं फिरलं होतं, लेखी अर्ज देऊन नाव कायमचं काढायलाच गेलो होतो. खोटं कशाला सांगू?

समितीच्या माणसाला आजवर कुणी बाहेर बाकड्यावर बसवलं नव्हतं. काल बसवलं. मग विनोद कारकुनानं सांगितलं की चुलत्याच्या अर्जावर काही होत नाही, मागच्या वेळी तुमच्या शब्दाखातर नाव बाजूला ठेवलं तीच चूक झाली, विद्यार्थिनीची स्वतःची सही लागते. मी म्हणालो की तिचा बाप वारला, आता पालक मीच. तो म्हणाला की साहेब, ती मायनर नाही. मी त्याला ठणकावून सांगितलं की मला शिकवू नको, तिचं मायनर भूगोल आहे. तर सगळं ऑफिस हसलं. मायनर म्हणजे अठराच्या आतली, हे मला शेवटी शिपायानं बाहेर येऊन समजावलं. पोरंटोरं हसली मला.

वैष्णवी शनिवारीच येऊन सही करून गेली होती. ऑफिसात म्हणाली म्हणे की माझी सही कशी असते ते बघून ठेवा, पुन्हा कुणाचं ऐकून नाव काढायच्या आधी ही मागा. एवढी जीभ तिला कुठून आली? तुला तर नव्हती.

पाहुण्यांना मी नाही म्हणून कळवलं. त्यांनी विचारलं की मुलीत काही खोट आहे का. काय सांगणार? गावात माझं नाक कापलं गेलं. आजारपणात इंद्रजीतसाठी मला काही करता आलं नाही. एवढं एक करीन म्हणत होतो, तेही तुम्ही मायलेकींनी करू दिलं नाही. आता तुमचं तुम्ही बघा.

सर्जेराव

—

शिरूर,
दि. २ जुलै २०२६

तीर्थरूप आप्पा यांस,
सुषमाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र मिळालं. पाहुण्यांना नाही म्हणालात, बरं झालं. त्याचे आभार मात्र मानणार नाही. मला न विचारता बोलावलेली माणसं तुम्ही थांबवलीत, एवढंच.

भावासाठी काही करता आलं नाही असं लिहिलंत. दवाखान्यात तुम्ही त्यांचे पाय चेपत बसायचात, ते मी पाहिलं आहे. ते तुम्हीच केलंत आणि ते पुष्कळ होतं. त्याच्या वर त्यांची मुलगी कुणाला देऊन टाकायची गरज नव्हती.

वैष्णवीचा प्रवेश झाला. आता वर्षभरात तिला संशोधनाचा प्रबंध लिहायचा आहे, त्याशिवाय ऑनर्सची पदवी नाही. विषयही ठरला. पाटस भागातल्या बागायतदार घरांत मुलींनी किती शिकायचं ते कोण ठरवतं, हा तो विषय. मॅडमनी लगेच मंजूर केला. प्रश्न छापून ती घरोघर जाणार आहे आणि सुरुवात तुमच्या घरापासून करणार आहे. मी म्हणाले की निदान पहिलं घर दुसरं घे. ती म्हणाली की आप्पांना टाळून पाटसचा अभ्यास कसा होईल.

तेव्हा ती आली की तिला दारातून परत लावू नका. बसवा, पाणी द्या आणि विचारेल त्याचं उत्तर द्या. त्यात एक प्रश्न असा आहे की मुलीचं शिक्षण थांबवायचं ठरवताना तिला विचारलं होतं का. हो किंवा नाही, एवढंच सांगायचं असतं. खरं तेच सांगा. ती तुमच्या समोर बसून लिहून घेणार आहे.

लोभ वाढावा असं शेवटी लिहितात. मला आज ते लिहवत नाही. आहे तेवढा राहू द्या.

सुषमा