पाण्याचा वाटा

४ मार्च, सोमवार
आज पाण्याचा दिवस. हंडे लावत होते तर शेजारच्या रुखसानाभाभी नळ सोडणाऱ्या माणसावर ओरडायलेत, "हमारे पानी का वाटा दो! किताब में लिखेला है!" किताब म्हणजे आमच्या सरांची, शहराच्या जुन्या पाण्यावरची. अन् ती टाईप केली कुणी? उस्मानपुऱ्यातल्या टायपिंगच्या दुकानात बसून, मी! बादली भरून वाहिली तरी ऐकत उभी.

७ मार्च
पिशोरहून आईचा फोन. "अगं, तुझ्या सरांच्या पुस्तकावरून पारावर लई वाद चाललाय. सरपंचालाबी इचारायलेत, आमचा वाटा कुठंय म्हनून." रिक्षात तेच, पेपरात तेच. ह्यांना सांगितलं तर म्हणे, "पुस्तक त्यांचं, मिरवतेस तू." मिरवणारच!

११ मार्च
दुसरी आवृत्ती निघतेय. सरांचं हस्तलिखित पुन्हा जुळवायला घेतलं. शेवटच्या प्रकरणाचा मथळा सरांनी लिहिलाय 'पाण्याच्या वाटा'. म्हणजे रस्ते. जुन्या नहरी जमिनीखालून कुठून कुठं जायच्या, ते. मी टाईप केलं 'पाण्याचा वाटा'. 'च्या'तला 'य' खाल्ला, रस्त्यांचा हिस्सा झाला! तेव्हा सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, शेवटचं प्रूफ मीच पाहिलेलं. आतलं कोण वाचतंय, लोक मथळ्यावरच भांडायलेत.

१२ मार्च
सांगितलं तर सरांचं काम हातचं जाईल. काना चुकला तरी अख्खं पान परत करणारा माणूस. न सांगावं, तर रोज त्यांच्यासमोर… छे.

१४ मार्च
सांगून टाकलं. सरांनी चष्मा पुसून मथळा पुन्हा वाचला. मग म्हणाले, "म्हणजे नहरींचं कुणी वाचलंच नाही." चार वर्षं उन्हातान्हात त्या नहरींमागं फिरलेत. लई वाईट वाटलं. पण गप्प बसेन तर मी कसली!
"सर, वाचलं असतं तर वाहवा करून घरी गेले असते. आता जाब विचारायलेत."
"बाई, तो शब्द माझा नाही."
"माझाबी नाही सर. माझी ती चूक."
हसले की काय, कळलं नाही. पाणी मागायला रविवारी सभा भरतेय, तिथं खरं ते सांगणार म्हणाले. लाल पेननं मथळ्याला गोल केला, अन् दुरुस्ती न लिहिताच प्रूफ माझ्याकडं सरकवलं. काम काढून घेतलं नाही, एवढं खरं.

१६ मार्च, शनिवार
भाभींनी उद्याच्या सभेसाठी गल्लीतल्या बायका गोळा केल्यात. पुठ्ठे घेऊन आल्या. "तुमारा अक्षर अच्छा है, लिख के दो." सरांचा लाल गोल डोळ्यासमोर होता. उद्या ते स्टेजवरून काय बोलतील, देव जाणे. तरी ब्रश घेतला अन् सातही पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरात लिहिलं, पाण्याचा वाटा. ह्या वेळी चुकून नाही.