शिमग्याला रकाना नाही

करी रोड, मुंबई
रविवार, २ फेब्रुवारी १९५८

तीर्थस्वरूप लवूमामांस बकुळेचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्याची चौकशी सर्वांआधी लिही असे आईने बजावले होते, ती केली. इकडे सर्व बरे आहेत. मामींना सांगावे, मुंबई अजून कुणाला दिलेली नाही. चाळीत रोज संयुक्त महाराष्ट्राची सभा असते आणि मी रोज ऑफिसात असते.

ऑफिसात मी काय करते, असे तुम्ही विचारले होते. परदेशाशी व्यापाराचा करार झाला की इथल्या गिरण्यांचे काय होईल, हे आमचे डॉक्टर (औषधांचे नव्हेत, अर्थशास्त्राचे) मॉडेलवरून सांगतात. मॉडेल म्हणजे गणपतीपुढचा देखावा नव्हे, जरी दोन्हींतली माणसे जागची हलत नाहीत. ती अकरा समीकरणे आहेत. डॉक्टरांनी ती विलायतेहून आणली आणि आकडेमोडीचे यंत्र फिरवायला संख्याशास्त्राची पदवीधर म्हणून मला ठेवले. समीकरणांना गिरणगाव माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही (एकदा परळच्या पुलापर्यंत आले होते, मोटारीतून).

गेल्या वर्षी एक मार्चला परदेशी कापड आणण्याचा करार लागू झाला. डॉक्टरांनी बाबांच्या गिरणीचा फेब्रुवारी घेतला, मार्च घेतला आणि वजाबाकी केली. एकशेबारा मागांपैकी नव्वद माग मार्चमध्ये दहा दिवस बंद. निष्कर्ष: कराराने विणकाम बुडाले, तेव्हा ते खाते आताच बंद केलेले बरे. मी म्हटले, मार्चमध्ये शिमगा होता. विणकर बहुतेक कोकणातले, बाबाही त्यांतलेच, पालखीला गावी गेले होते. डॉक्टर हसले. "मिस परब, शिमग्याला रकाना नाही." (हरताळाला आहे. त्या दिवशी त्यांनाही घरी बसावे लागले होते.) मग मी आदल्या वर्षीचा मार्च पाहा म्हटले. म्हणाले, "तेव्हा करारच नव्हता, पाहायचे काय?" मी यंत्रावर झाकण घातले.

घरी सांगितले तेव्हा बाबा जेवत होते. "अगो, मी बेकार झालंय, नि माका कोणी सांगूक नाय?" असे म्हणून त्यांनी आणखी भात मागितला. आई मात्र तेव्हापासून तांदूळ मोजून घेते.

अहवाल पंधरा तारखेला गिरणीच्या मालकांकडे जाईल. आकडे तपासल्याची सही त्यावर माझी लागते. मी अजून केलेली नाही. डॉक्टर म्हणतात, लेखी पुरावा आणा नाहीतर सही करा. चाळीतल्या माणसांचे सांगणे हा पुरावा धरत नाहीत.

घरातील वडील मंडळींना नमस्कार.

तुमची,
बकुळा

ता. क. गुडघ्याला लावायचे तेल आईने वेगळे पाठवले आहे.

आणखी ता. क. पालखीला कोणकोणत्या दिवशी कोणी खांदा दिला, हे मानकरी म्हणून तुम्ही देवळाच्या वहीत लिहिता. मागच्या तीन वर्षांच्या पानांची नक्कल, तारखा आणि शिक्क्यासह, रजिस्टर पोस्टाने पाठवावी. पंधराच्या आत. पत्र खरे तर एवढ्यासाठीच.

शेवटचा ता. क. आमच्या मॉडेलप्रमाणे बाबा गेल्या शिमग्याला गावी आलेच नव्हते, मुंबईत बेकार बसले होते. तेव्हा पालखीच्या पुढच्या खांद्याला कोण होते, तेवढे सहीनिशी कळवावे.