साफ केलेली कॅसेट

रविवार, स्टॅनमोर

ह्यांच्या गाण्याची एकुलती एक कॅसेट आज लेकीने, नेहाने, लॅपटॉपवर उतरवून घेतली. हे गेल्यापासून मी ती लावली नव्हती. टेप जीर्ण झाली आहे. आवाज सुरेख आला, पण काहीतरी रिकामं वाटत होतं. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कळलं.

"नेहा, तानपुरा कुठे गेला?"

"ते मागे सारखं घूं घूं असं हम चालू होतं, ते? सॉफ्टवेअरने काढलं. बघ ना, डॅडचा आवाज किती क्लीन झालाय!"

"ते हम नव्हतं. ती मी होते."

पोरगी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तू वाजवायचीस? मला कधी बोलली नाहीस, आई."

त्यात सांगण्यासारखं काय होतं? हे गायचे, मी मागे तानपुरा धरायचे. मलाही तो नाही हे दुसऱ्यांदा ऐकल्यावरच कळावं? हे मात्र बोचलं.

मूळ फाइल तिने ठेवलेली नाही. परत घ्यायचं तर टेप पुन्हा चालवायला हवी.

"आणि तुटली तर?"

"ह्यांचा आवाज आता सुरक्षित आहे. तुटली तर मीच जाईन. लाव."

टेप एकदा अडखळली, पण शेवटपर्यंत चालली. खरखरीसकट ठेव, असं नेहाला बजावलं. तानपुरा स्वच्छ ऐकू येतो. पंचमाची तार किंचित उतरलेली होती, सुरुवातीपासून. माझ्या कधी लक्षात आलं नाही.

ह्यांच्या आलं असणारच. एका शब्दाने बोलले नाहीत.