पंचवीस जिभांचे संशोधन

भरडवाडी, ता. मालवण
२८ मे

तीर्थस्वरूप भावोजी,

धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे सत्यवानाचा, गुडघे कुरकुरत असतानाही घातलेला साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आंबा यंदा बेताचाच झाला, फणस मात्र इतका की शेजारीपाजारी आमच्या दारावरून जायचे टाळतात. तुमची सकाळची फेरी नियमित चालू असेल आणि रक्तदाब सीताताईच्या धाकात असेल अशी आशा करतो. फोन सोडून पत्र का, असे तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही दोनदा ‘हो, हो’ म्हणून तो ताईच्या हातात देता, आणि ही हकीकत पुरुषाने पुरुषाला सांगण्यासारखी आहे. (पत्रही आधी ताईच वाचणार, हे मला माहीत आहे. ताई, नमस्कार.)

आमचा अमृत कोकमाचा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या वर्षी मी बाटलीवर नवीन चिठ्ठी लावली, ‘कमी साखर, जास्त आरोग्य’, आणि त्याखाली ‘आईच्या हातची चव’. देवबागच्या घरगुती निवासवाल्यांना ती फार आवडली, कारण त्यांच्याकडे येणारे पाहुणे मासे सहा तुकडे खातात पण साखरेला भितात. तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी चोवीस बाटल्या गोणत्यात घालून देवबागची एसटी पकडली आणि गोणते वरच्या फळीवर ठेवले. तारकर्लीच्या वळणावर वर ‘फट्’ असा आवाज झाला. मी शहाण्यासारखा बाहेर समुद्र बघत राहिलो. मग दुसरा आवाज, तिसरा, आणि खाली बसलेल्या एका गृहस्थाच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर (ते मुलगी बघायला निघाले होते, स्वतःसाठी नव्हे, भाच्यासाठी) लाल धार लागली. मागच्या बाईंनी ‘रगात, रगात!’ करून बोंब मारली. कंडक्टरने घंटीची दोरी ओढली ती सोडलीच नाही. ड्रायव्हर माणुसकीचा, त्याने गाडी थांब्यावर न नेता थेट आरोग्य केंद्रात घातली. नर्स स्ट्रेचर घेऊन धावत आल्या. तेवढ्यात त्या गृहस्थांनी ओठावरचा थेंब चाटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “जखम आंबट आसा.”

त्या गाडीत रसिका नावाची एक मुलगी होती. कृषी विद्यापीठात फळप्रक्रियेत डॉक्टरेट करते. सगळे मला शिव्या घालत असताना तिने फुटलेली बाटली उचलली, वास घेतला, बोटावर घेऊन चाखले आणि अत्यंत आदराने विचारले, “काका, यात साखर किती घालता?” भावोजी, पोलिसांनी विचारले असते तर मी खरे सांगितले असते. पण त्या पोरीच्या डोळ्यांत इतका विश्वास होता की मी म्हणालो, “आईच्या प्रमाणाने.”

चौथ्या दिवशी ती घरी हजर. पिशवीतून साखर मोजायची दुर्बिणीसारखी एक नळी काढली, काचेवर माझ्या सरबताचा थेंब टाकला आणि उजेडाकडे धरून म्हणाली, टिकायला शंभरात पासष्ट साखर लागते, इथे सत्तेचाळीस आहे. मी म्हणालो, नळी बिघडली असेल. तिने विहिरीचे पाणी घालून शून्य दाखवले. मी म्हणालो, बाटल्यांचा दोष. मग उन्हाचा. मग तारकर्लीच्या वळणाचा. ती सगळे वहीत लिहून घेत होती. (एवढे मन लावून माझे बोलणे लग्नानंतर कोणी ऐकले नव्हते. नम्रता मागे उभी राहून हसत होती.) साखर कमी पडली की सरबत आतल्या आत आंबते, वायू धरते आणि बूच उडवते, हे तिने मला न रागावता समजावले. पुढे म्हणाली की लोकांना कमी साखरेचे हवे आहे हे तुमचे बरोबर आहे काका, पण मग ते नीट तापवून गरमागरम बाटलीत भरायला हवे. विद्यापीठात तशी रीत बसवली आहे, फक्त प्रयोगशाळेबाहेरच्या माणसांना ती चव आवडते का हे बघायचे राहिले आहे. त्याशिवाय प्रबंध पुरा होत नाही. मार्गदर्शक सर महिनाअखेरपर्यंतची मुदत देऊन बसले होते. तेव्हा, ती म्हणाली, मला पंचवीस जिभा मिळवून द्या. बदल्यात रीत शिकवते.

जिभांना आपल्या वाडीत काय तोटा? पण त्या निःपक्षपाती हव्या होत्या, आणि हे तिने मला आधी सांगितले नाही.

शाळेच्या खोलीत फ्रिजच्या खोक्यांचे पुठ्ठे उभे करून आडोसे केले. प्रत्येकापुढे तीन पेले. एकात माझे सरबत, दुसऱ्यात विद्यापीठाचे ठरलेल्या साखरेचे, तिसऱ्यात नवीन रीतीचे. कुठले कोणाचे ते कळू नये म्हणून पेल्यांवर नावे नव्हती, आकडे होते : ४१७, ८६२, २९५. नऊपैकी गुण द्यायचे आणि प्रत्येक पेल्यानंतर चूळ भरायची. एवढे सोपे काम. गुरुदासकाकांनी पेल्याला हात लावण्याआधी तिन्ही आकडे तळहातावर उतरवले आणि ‘लगेच येतंय’ म्हणून जे गेले ते संध्याकाळी आले. (मटक्यात ८६२ लागला म्हणतात. तेव्हापासून ते विद्यापीठाचा उल्लेख हात जोडून करतात.) बायकांनी परक्या मुलीसमोर चूळ भरायला नकार दिला. विमलाकाकी आणि आमचे कुंपणावरून बोलणे बंद आहे, त्यामुळे त्यांनी तिन्ही पेल्यांना एकेक गुण दिला आणि शेऱ्यात लिहिले, ‘माड आमचा आहे.’ एकाने शेरा लिहिला, ‘सोबत भजी हवी होती.’ रसिकाने शांतपणे असे चार कागद बाजूला काढले आणि रस्त्यावरून चार माणसे आणून बसवली, त्यांत एक गॅसच्या गाडीचा ड्रायव्हर होता. त्याने सर्वांत मन लावून काम केले.

आणि आई. आईला बोलवायचे नव्हते हो! पण ‘आईच्या हातची चव’ असे बाटलीवर छापल्यावर आईला कुठल्या तोंडाने वगळायचे? ती शेवटच्या आडोशात बसली. पहिला पेला बरा म्हणाली, दुसरा बरा म्हणाली. तिसऱ्याचा घोट घेतला आणि पुठ्ठ्यापलीकडून आवाज आला, “ह्या कोणी केल्यान?”

रसिका म्हणाली, “आजी, ते सांगता येत नाही, फक्त गुण द्या.”

“गुण कसले दितलंय? कोकम धुतलेला पाणी ह्या! माझ्या सत्यवानाच्या धंद्याची कोणी नक्कल केल्यान तर बघा गो, तेका बदनाम करूक!”

भावोजी, मी खिडकीपाशी उभा होतो. खिडकीला गज नसते तर गेलो असतो. नम्रताने माझ्याकडे बघितले, तिच्याकडे बघून गॅसवाल्याने माझ्याकडे बघितले, आणि एकेक करून सगळ्या आडोशांतून माना बाहेर आल्या. मी पुढे जाऊन म्हणालो, “आवशी, मीच केलंय. साखर कमी केलंय. तुझा नाव लावलंय.” मला वाटले आता पेला फेकून मारणार. मग ती हळूच म्हणाली, “माका इचारलं असतंस तर मी सांगलं नसतंय काय रे?” खरे सांगतो, शिव्या परवडल्या असत्या. बाटल्या फुटल्या तेव्हा मी हसू शकलो होतो, या वेळी नाही.

दुसऱ्या दिवशी आईने स्वतः पातेले काढले. माप नाही, वजन नाही, ओंजळीने साखर. रसिकाची नळी म्हणाली सहासष्ट. ती पोरगी आनंदाने उडालीच, पण आई म्हणाली, “पासष्ट व्हयी ना? मग एक जास्त कसो झालो?” आणि पुन्हा पातेल्याकडे वळली. त्यानंतर दोघी आठवडाभर चुलीपाशी होत्या. रसिकाने तापमापी आणली, आईने साल किती दिवस मुरवायची ते शिकवले, आणि नवीन रीतीत शेवटी आईचाच हात लागला. शाळेतल्या चाखणीचा निकाल असा की नवीन रीत पहिली, विद्यापीठाची दुसरी, आणि मी शेवटून पहिला. देवबागवाल्यांनी पुन्हा बाटल्या घ्यायला सुरुवात केली आहे. चिठ्ठीवरचे ‘कमी साखर’ राहिले, ‘आईच्या हातची चव’ आईला विचारून राहिले. प्रबंधाच्या कच्च्या प्रतीत ऋणनिर्देशात आईचे नाव आहे, सुगंधा. माझेही आहे, पण ‘बिघडलेल्या नमुन्याचा पुरवठा’ याखाली.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद, ताईला नमस्कार (दुसरा).

तुमचा,
सत्यवान

ता. क. : एक बारीक काम होते. सरांनी मुदत वाढवून दिली, पण आता म्हणतात, प्रबंधाला शहरातल्याही पंचवीस जिभा लागतात. तुमच्या सोसायटीत माणसे पुष्कळ आणि रविवारी सगळी मोकळी. मी रसिकाला तुमचे नाव आधीच देऊन ठेवले आहे. फ्रिजची खोकी तेवढी जमवा.

ता. क. २ : शहरातल्या लोकांवर विश्वास नाही, म्हणून देखरेखीला आई स्वतः येत आहे. जावयाच्या घरी राहायचे नाही हा तिचा जन्माचा नेम, पण ती म्हणते हे राहणे नव्हे, संशोधन आहे, आणि संशोधनाला दोन महिने तरी लागतात. ताईला आठ दिवसांपूर्वीच कळवले होते. तुम्हाला कोणी सांगायचे यावरून आई, नम्रता आणि मी अशा तिघांत चिठ्ठ्या टाकल्या, त्यात माझे नाव आले, म्हणून हे पत्र. पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा आई बहुधा स्वयंपाकघरात असेल. आत जाऊन आधी नमस्कार करा.