दऱ्यांतला अर्धा र

ता. ३ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

अक्षर पाहून दचकू नकोस. सांगते आहे मी आणि लिहिते आहे तुझी भाची. मध्येमध्ये ती स्वतःचंही काही घुसडेल, तेवढं ओळखून घे.

डोळ्यांचं आधीच सांगून टाकते. उजवा गेल्यात जमा आहे. डाव्याच्याही मधोमध डाग धरला आहे. डॉक्टरीणबाई सरळ म्हणाल्या की चालण्याफिरण्यापुरतं दिसत राहील, वाचन मात्र वर्षभरात सुटेल. मी म्हटलं, वाचन सुटू दे, पण पुस्तकाचं काय? मोजणी खात्यात उभी हयात काढली, त्या डोंगरदऱ्यांचं पुस्तक अर्ध्याहून पुढे लिहून झालं आहे. आणि मागचं वाक्य पुन्हा वाचल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही, हे तुला ठाऊक आहे.

त्यात माझ्या कम्प्युटरमधली जुनी सिस्टिम कंपनीनं वाऱ्यावर सोडली. नवी घ्यायची तर यंत्रही नवं हवं. तेव्हा लेकीनं ती काढून तिथं लिनक्स बसवलं. ते फुकट आहे असं म्हटलं की ती चिडते. फुकट नव्हे, मुक्त म्हणायचं. त्यात एक बाई आहे, पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवते. मराठीसुद्धा! आवाज सर्दी झालेल्या शाळा तपासनीसासारखा, पण वाचते. मला वाटलं, सुटले.

पण तुझ्या फाँटात टाइप केलेलं माझं पुस्तक समोर ठेवलं, की ती इंग्रजी मुळाक्षरं आणि कंस-स्वल्पविराम बडबडत सुटते. लेक म्हणते, पडद्यावर तर स्वच्छ मराठी दिसतं आहे. खिळेराव, हे काय करून ठेवलं आहेस?

लोभ आहेच, हे पत्र वाचून पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

ता. ११ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

डोळ्यांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलंस का, एवढंच विचारतो.

आता फाँटाबद्दल. फाँटात दोष नाही. शिशाचे खिळे जुळवत वाढलेला माणूस मी. कम्प्युटर आला तेव्हा शिकवायला कुणी नव्हतं, माहितीपुस्तकं उलटीपालटी करून शिकलो. आठवतं का, तुझा पहिला लेख छापून आला तेव्हा दऱ्यांच्या डोक्यावर रफार बसून त्यांचा दर्या झाला होता? तो अंक माझ्या टेबलावर आपटून तू म्हणालीस की मी डोंगरात मोजणीच्या साखळ्या ओढते, समुद्रात नाही. मला मिळालेल्या एकाही विकतच्या फाँटात तो आडवा अर्धा र नव्हता. म्हणून मी बसून काढला. त्याची शेपूट य ला कुठं टेकावी, किती टेकावी, यावर मी जितका जीव आटवला तितका स्वतःच्या घरावरही नाही. त्या एका र पासून अख्खा फाँट झाला. लोक माझ्याकडे त्याच्यासाठी येतात.

तेव्हा भाचीला सांग, ते मुक्त की काय ते काढून टाक. दुकानातला एक कम्प्युटर पाठवतो, त्यावर जुनी सिस्टिम ठणठणीत आहे. अक्षर इतकं मोठं करून देईन की पडद्यावर एका वेळी एकच शब्द मावेल. मग दिसेल.

मुलीला आशीर्वाद, तुला पुन्हा नमस्कार. माझ्यावरचा विश्वास होता तसाच राहू दे.

तुझा धाकटा

ता. २० जून

ती. मामास सा. न. वि. वि.

हे पत्र आईला दाखवलेलं नाही. वाचून दाखवलेलं नाही, असं म्हणायला हवं.

मामा, तिला शब्द मोठा करून दिसत नाही. मोठा केला की मोठा डाग दिसतो. ती तुला हे सांगणार नाही.

तुझा फाँट म्हणजे मुखवटा आहे, रागावू नकोस. आत इंग्रजी अक्षरंच आहेत, वर मराठी चेहरा. डोळ्यांना चेहरा पुरतो. वाचणारा आवाज चेहरा बघत नाही, आतलं वाचतो. असे जुने फाँट खऱ्या मराठीत बदलणारी एक आज्ञावली आहे, हौशी लोकांनी मिळून केलेली. आमच्या ग्रंथालयात मी ती रोज वापरते. आईचं पुस्तक तिच्यातून काढलं. जवळजवळ सगळं सुधारलं. पण तुझ्या त्या खास र च्या कळीवर इतरांकडे रफार असतो. आज्ञावलीनं तो उचलून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला.

मग बाईंनी वाचलं. छावणीतल्या आचार्यांनी भांडी घासली. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. पुढं, आम्ही साखळी घेऊन दर्यांत उतरलो. पुन्हा दर्या. प्रत्येक पानावर दर्या. आई हसायची थांबली. म्हणाली, हे मी लिहिलेलं नाही, बंद कर. तेव्हापासून ती त्या टेबलापाशी बसलेली नाही. आता तिथं इस्त्रीचे कपडे ठेवते.

कुठल्या कळीखाली तू काय बसवलं आहेस, ते फक्त तुझ्या बोटांना माहीत आहे. ते सांग. मात्र आज्ञावली उघडी असते, तू सांगशील ते जगाला दिसेल. तुझी फाइल तुझ्याशिवाय कुणाला उलगडत नाही याचा तुला किती अभिमान आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तरी मागते आहे.

माया आहे तशी ठेव; उत्तर मात्र लवकर दे.

तुझी भाची

ता. ९ जुलै

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण मी रागावलो होतो. मुखवटा हा शब्द लागला.

तुमचं लिनक्स मी दुकानातल्या कम्प्युटरवर बसवलं ते खोड्या काढायला. काढल्याही. घड्याळ भलत्या कोपऱ्यात, छपाईयंत्र ओळखायला नखरे, रंग छपाईला न शोभणारे. सगळं टिपून तुला पाठवणार होतो. मग वाटलं, वाचणाऱ्या बाईंनाही ऐकून घ्यावं. आजवर मी जुळवलेलं सर्वांत देखणं पान उघडलं, तुझ्या आईच्याच पुस्तकातलं, आणि पडदा भिंतीकडे फिरवून बसलो. बाई शांतपणे वाचत गेल्या. के, कंस, अर्धविराम, एक्स, कंस. मी पान संपेपर्यंत ऐकलं. एकही शब्द आला नाही. शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून विचारून गेला की मास्तर, भिंतीशी काय बोलताय.

सोबत कळीगणिक सगळं लिहून पाठवतो आहे. दोन गोष्टी नीट वाच. पहिली वेलांटी मी अक्षराच्या आधी दाबतो, तुमच्यात ती नंतर येते. आणि रफार अक्षरानंतर दाबतो; पण आडवा अर्धा र य किंवा ह च्या आधी, त्यांना चिकटून. हा फरक आज्ञावलीत जसाच्या तसा घाला. विहीर, मुक्काम, काहीही चुकलं तर कळव, पण हे चुकवू नका.

जगाला दिसायचं तर दिसू दे. फक्त तुमची माणसं त्या र ला तुटका र म्हणतात असं ऐकतो. तो तुटलेला नाही. त्यांना तसं कळव.

आईला एवढ्यात सांगू नकोस. आधी ऐकव. ममता वाढती असू दे.

तुझा मामा

ता. २८ सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

हे मी एकटीनं लिहिते आहे. नव्या कळा बोटांत बसायच्या आहेत. चुकलं की बाई चूक लगेच वाचून दाखवतात. तुझ्यासारख्याच आहेत, फक्त वर टोमणा नसतो.

त्या म्हणाल्या, साखळी घेऊन दऱ्यांत उतरलो. मी तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं, आणि पुन्हा. मग त्याच्या पुढचं वाक्य सुचलं. आता रोज सकाळी बसते. पुस्तक संपत आलं आहे आणि प्रकाशक घेतो म्हणतात.

आता एक मागणं. पुस्तक तूच जुळवायचं आहेस, पण तुझ्या फाँटात नाही. मुक्त सिस्टिमवर, सगळ्यांना वाचता येईल अशा फाँटात. नाहीतर उद्या कुणा आंधळ्यानं ते उघडलं तर त्याला पुन्हा कंस आणि अर्धविराम ऐकावे लागतील. लेकीच्या तोंडून हे तुला सांगायचं नव्हतं, म्हणून स्वतःला लिहिता येईपर्यंत थांबले.

डावा डोळा विचारू नकोस. तुला राग येऊ दे, पण ये.

तुझी ताई

ता. २ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. मग कामाला लागलो.

बोटं अजून जुन्या जागी जातात. पावतीपुस्तकांचं गिऱ्हाईक म्हणालं, मास्तर, नवा शिकाऊ ठेवलात वाटतं. मी म्हटलं, हो, जरा वयस्कर आहे, सांभाळून घ्या. मुक्त फाँटातला अर्धा र य पासून केसभर लांब पडत होता. दुरुस्त करून तो फाँट करणाऱ्यांना पाठवला. त्यांनी उलट चार प्रश्न विचारले, चारांपैकी एका ठिकाणी माझंच चुकलं होतं, ते सुधारून घेतलं. आता तो कुणालाही मिळेल.

प्रुफं निघाली आहेत. बाई शब्द वाचतील, पण ओळ कुठं वाईट तुटली, परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर गेली का, हे त्यांना कळत नाही. छापखान्यात एक जण प्रूफ मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा मूळ प्रत धरून बसायचा. आपल्या कामात मूळ प्रत तूच.

रविवारी येतो. मुक्काम करीन. मी वाचीन, प्रत्येक स्वल्पविराम, प्रत्येक नवी ओळ तोंडानं म्हणत. तू ऐक, आणि चुकलं की टेबलावर बोट वाजव. मी हुज्जत घालीन, तू ऐकू नकोस. घसा बसला तर पाण्यापुरता थांबेन. पुस्तक संपेपर्यंत उठणार नाही.

कृपालोभ आहेच, तो रविवारी समक्ष घेईन.

तुझा धाकटा