रेवा माल्टात काय करते

३१ ऑगस्ट, रवि.
इथे टोकियोत, फुनाबोरीच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा गणपती. आरतीनंतर जेवणाच्या रांगेत ग्योतोकूच्या जोशीने विचारलं, लेक काय करते हल्ली? तोंडातून गेलं, "रेवा माल्टाला. मास्टर्स करतेय." विषय? स्पोर्ट्स मॅनेजमेंट. अनघा शेजारीच ताट धरून उभी होती. घरी आलो. चपला काढताना एवढंच म्हणाली, की पोरीने फुटबॉलसाठी नोकरी नाकारलीय, कुणाचा खून नाही केला.
पुण्यात दादालाही हेच सांगितलेलं आहे. निदान दोन्हीकडे एकच गोष्ट.

२१ सप्टें., रवि.
रेवाचा पहिला सामना. इंटरनेटवर दाखवतात, तिथली सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ. बायकांची त्या देशातली सगळ्यात वरची लीग, पण देश आपल्या एखाद्या तालुक्याएवढासुद्धा नाही. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे आईबाप आणि एक कुत्रा. रेवा गोलकीपर. सात गोल खाल्ले. चौथ्यानंतर मी आवाज बंद केला. अनघाने परत लावला.

१२ ऑक्टो., रवि.
व्हिडिओ कॉल. आईशी मराठीत, माझ्याशी जपानीत. शाळेत गेल्यापासून असंच. क्लब राहायला खोली देतो. बाकीच्या खर्चासाठी सकाळी एका हॉटेलात नाश्त्याची टेबलं पुसते. असलं पार्ट-टाइम काम, बाइतो, तर टोकियोतही करायचेच ना, म्हणाली. टोकियोत करायची तेव्हा शिकत होती. हे मी बोललो नाही, पण चेहऱ्यावर आलं असणार. तिने फोन खिडकीकडे फिरवला. बराच वेळ नुसता समुद्र.

२० ऑक्टो., सोम.
दिवाळी. ऑफिस होतंच. रेवाने आईला फोटो पाठवलाय, मैदानावरचा, हातात ते मोठे ग्लव्ह्ज. घरच्या ग्रुपवर टाकायला सगळे मागत होते. मी खालचा भाग कापला, चेहरा आणि आभाळ ठेवलं, मग टाकला. पुण्याहून वहिनीचं उत्तर: अभ्यासाने वाळली गं पोर.
असला फोटो कापायला अर्धं मिनिट लागतं.

१६ नोव्हें., रवि.
५-०. पण एक पेनल्टी अडवली. उजवीकडे झेपावली, एका हाताने. मी खुर्चीतून उठलोच. कुणाला तरी फोन करावा असं झालं. फोन हातात घेतला आणि नावं बघत बसलो. एकालाही सांगता येत नाही.

२५ जाने., रवि.
जोशीची सई पुढच्या वर्षी मास्टर्सला जायचं म्हणते. मी गेले काही आठवडे जोशीला टाळतोय, पण सईने परस्परच रेवाला कोर्सबद्दल मेसेज केला. दोघी लहानपणी हिगाशी-कसाईच्या एकाच बिल्डिंगमधल्या. हे सुचायला हवं होतं मला.
संध्याकाळी रेवाचा फोन. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं. ती रागावली नाही. मराठीत बोलली, माझ्याशी. म्हणाली, "बाबा, तू लोकांना काय काय सांगितलंयस ते मला सांगून ठेव. मी सईला म्हटलं की कोर्स ठीक आहे, पण फी वाढलीय, दुसरीकडे बघ."
मग म्हणाली, वर्कआउट आहे, ठेवते.
तिने मला सांभाळून घेतलं. बावीस वर्षांची पोर.

२६ जाने., सोम.
अनघाला सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. रेवा तिच्याकडे रडली होती, काल नाही, दिवाळीत. त्या कापलेल्या फोटोवरून. ग्रुपमध्ये ती पण आहे, हे मी...

१ मार्च, रवि.
पुन्हा हरले. एकही सामना जिंकलेला नाही, तळाला आहेत. अनघा ज्या पाळणाघरात काम करते तिथल्या बायकांना तिने सगळं सांगितलंय, मुलांना सामन्याचे तुकडे पण दाखवले. मी विचारलं, हरताना दाखवतेस? म्हणाली, मुलांना ती उड्या मारते तेवढंच दिसतं.

१५ मार्च, रवि.
दादाचा फोन. तो आणि वहिनी मे महिन्यात युरोपच्या टूरवर निघालेत. माल्टाला दोन दिवस वाढवून घेणार म्हणे, रेवाच्या पदवीदानाला. तारीख सांग, नवा कोट शिवायला टाकतो, म्हणाला. दादा. माझ्या पदवीदानाला आला होता तो, बाबांच्या जागी.
मी म्हटलं, यंदा समारंभ ऑनलाइन आहे.
फोन ठेवला तर अनघा दारात. "यापुढे मी यात नाही. वहिनींनी मला विचारलं तर खरं सांगीन."

५ एप्रिल, रवि.
काल नदीकाठच्या मैदानावर गेलो. रेवा प्राथमिक शाळेत असताना खेळायची तिथे. साकुराचा बहर गळून गेलाय, चिमुरडी पोरं खेळत होती. आईबाप ओरडत होते. तेव्हा मी कामाचं निमित्त करून यायचो नाही, जिंकायची तेव्हासुद्धा. फायनलला आलो होतो एकदा. फायनल होती म्हणून.

१९ एप्रिल, रवि.
दादाला सांगितलं. सगळं. नोकरी नाकारली, कॉलेज नाही, क्लब तळाला, सकाळी टेबलं पुसते. न थांबता बोललो.
त्याने तिकडे टीव्ही बंद केला.
मग त्याने विचारलं, गोलकीपर म्हणजे जाळ्यापुढे उभी असते तीच ना. हो म्हटलं.
"तुला लाज खेळण्याची वाटली, की हरण्याची?"
ती मोठ्या लीगमध्ये, जिंकणाऱ्या क्लबात असती तर मी फुनाबोरीच्या हॉलमध्ये माइक मागून घेतला असता. हे दादाला बोललो नाही. त्याला कळलं असावं.
कोट शिवायला टाकून झालाय, म्हणाला, आणि वहिनीला द्यायला गेला फोन. वहिनी आली नाही फोनवर.

२० एप्रिल, सोम.
जोशीलाही सांगितलं. तो हसला, बरं वाटेल असं हसला, पण सईला रेवाने खोटं सांगितलं ते त्याला लागलं. ते खोटं तिचं नव्हतं, हे मी दोनदा म्हटलं.
रेवाला मेसेज केला: दादाला आणि जोशीला खरं सांगितलं. मी चुकलो. तिने वाचलाय.

२६ एप्रिल, रवि.
शेवटचा सामना. सकाळपासून फोन बघतोय, रेवाचं उत्तर नाही. आईला मात्र मेसेज आहे, की क्लब अजून एक वर्ष राहा म्हणतोय, तिने अजून हो म्हटलेलं नाही.
आत्ता मध्यंतर. ०-०. दोन चांगले फटके अडवले तिने, एक तर अगदी पायाजवळून. कॅमेरा लांब आहे, चेहरा दिसत नाही. दादाने स्कोअर कळव म्हटलंय, जो असेल तो.
अनघा हाक मारतेय, सुरू झाला म्हणून.