पाच भोकं आणि एक लांब शिवण

तीर्थरूप दादांस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकायला बंदी आहे म्हणून उभ्यानेच केलाय, गोड मानून घ्यावा.) वहिनींचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला गेला का? माझी प्रकृती ठणठणीत आहे असं मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते खोटं होतं.

छातीतल्या जळजळीवर दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पाच बारीक भोकं पाडली, तिसऱ्या दिवशी घरी आलो, असं मी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होतो, तेच तुम्हालाही ठोकून दिलं. खरं असं की डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, "काका, दुर्बिणीने सुरू करू, पण आत चिकटलेलं निघालं तर पोट उघडावं लागेल." मी तेव्हा त्यांच्या ॲप्रनची खांद्यावरची शिवण बघत होतो (भलतीच ढिली), आणि न ऐकताच सही केली. लहानपणी फुटलेल्या अपेंडिक्सने आत सगळं एकमेकांना चिकटवून ठेवलं होतं. जाग आली तेव्हा छातीखालून बेंबीपर्यंत सरळ शिवण! आठ दिवस खाटेवर. शेजारच्या खाटेवरचा सुतार माझ्यानंतर आला, माझ्यासारखाच जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती कॉलरसारखा गुंडाळून घेतला, पण भोकांतून, आणि तिसऱ्या दिवशी चालत घरी गेला. आतलं काम एकच, जळजळ दोघांचीही थांबली. कण्हायला मात्र मी एकटा उरलो.

गेल्या मंगळवारी डॉक्टरीणबाई नवा ॲप्रन शिवायला टाकायला आल्या. बाकावर चार गिऱ्हाइकं. खांद्याचं माप घ्यायला हात वर केला आणि मी कळवळलो.

"एवढं पोट उघडल्यावर जपायला नको का?" बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या.

"भोकं पाचच ना, मास्तर?" बाकावरच्या पोस्टमनने विचारलं.

तोंडात टाचण्या असल्याने मला बोलता आलं नाही. (नव्हत्या, दादा. त्या मी तेव्हा घाईघाईने घातल्या.)

पण खरी लाज ती नव्हे. बारा वर्षांपूर्वी याच दुखण्यासाठी तुमचं पोट उघडलं. मी चौथ्या दिवशी उगवलो, दहा मिनिटं टेकलो आणि पाहुण्यांसमोर तुमचा सदरा वर करून म्हणालो, "ही शिवण आहे की पोत्याचं तोंड?" सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि हसताना उशी पोटाशी गच्च धरलीत. मला वाटलं, विनोद फारच जमला. ती उशी कशासाठी असते ते आता कळलं. तुम्ही मला हाकलून द्यायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, "चहा घेऊन जा." तो चहा मी मजेत प्यायलो, हे आठवलं की मान वर होत नाही.

माफी कशी मागतात ते मला शिकवलंत, पण मी शिकलो नाही. चुकलो, दादा.

तुमचा,
धाकटा

ता. क. जड इस्त्री उचलायची मनाई आहे आणि सात कोट तसेच पडलेत. आठ दिवस येऊन हात लावाल का?

पुन्हा ता. क. हिने पत्र वाचलं. कोट कालच शेजारच्या लाँड्रीवाल्याने इस्त्री करून दिले, हे लिही म्हणते. लिहिलं. तरीही या.